पाटी न पुसता

सासूने सुनेच्या चुका काढाव्यात ही तर जगाची जुनीच रीत. पण त्याच कामाचा सासूला महिन्याच्या महिन्याला पगार मिळावा, आणि चूक सापडली की सुनेने "बरं झालं सापडली" म्हणावं, असं घर शोधून सापडायचं नाही. ही गोष्ट त्या घरातली.

सासू लिफ्टच्या कंपनीत तपासनीस. लिफ्टच्या डोक्यावर, सर्वांत वरच्या खोलीत एक लोखंडी पेटी असते. कुठल्या मजल्यावर थांबायचं, दार कधी उघडायचं, कधी मिटायचं, हे सगळं त्या पेटीतला प्रोग्रॅम ठरवतो. कुठून तक्रार आली की प्रोग्रॅम लिहिणारे त्यात दुरुस्ती करतात. पण दुरुस्ती म्हणजे जुन्या कापडाला ठिगळ. ठिगळ छान बसतं आणि शेजारची शिवण उसवते. म्हणून दुरुस्तीनंतर सगळंच पहिल्यापासून तपासावं लागतं, जे काल ठीक होतं तेसुद्धा. बावीस वर्षं ती हेच करत होती. तिच्याकडे चौसष्ट तपासण्यांची यादी होती, आणि कीर्तनकाराने फिरून फिरून धृपदावर यावं तशी ती फिरून फिरून एकाच शब्दावर यायची, "पुन्हा." त्यावरून कंपनीत तिचं नाव पडलं पुन्हाबाई. खरं नाव आता पगाराच्या चिठ्ठीवर तेवढं उरलं होतं.

सून त्याच कंपनीत प्रोग्रॅम लिहायची. सून व्हायच्या आधीपासून. एकदा पुन्हाबाई डबा घरी विसरली, तो द्यायला तिचा मुलगा आला आणि डबा ठेवून हिला घेऊन गेला, असं लोक सांगत. पुन्हाबाई म्हणायची, "चौसष्ट तपासण्या करून घेतलीय मी ही मुलगी." त्यावर सून म्हणायची, "आणि तुमचा मुलगा मी न तपासताच घेतला, त्याचं काय?"

तर झालं असं. एका सहामजली इस्पितळातली लिफ्ट बिघडली. इस्पितळात खाट मावेल एवढी लिफ्ट एकच. दाराच्या चौकटीत एक न दिसणारा किरण असतो. त्याच्या आड माणूस आला की मिटत आलेलं दार परत उघडतं. चौथ्या मजल्यावर दुपारचं ऊन खिडकीतून नेमकं त्या किरणाच्या डोळ्यावर पडायचं. दाराला वाटायचं, कुणीतरी उभं आहे. मग काय, मिटायचं, उघडायचं, मिटायचं, उघडायचं, आणि लिफ्ट जागची हलायची नाही. एक रुग्ण खाटेसकट चाळीस मिनिटं चौथ्या मजल्यावरच अडकून पडला, तेव्हा इस्पितळाने लिफ्टला कुलूप घातलं. त्याला आज सहा दिवस झाले होते. शस्त्रक्रियेची खोली पहिल्या मजल्यावर. वरून रुग्ण आणायचा तर स्ट्रेचरला चार माणसं लावून जिन्याने.

सुनेने दुरुस्ती लिहिली. दार तीनदा अडून परत उघडलं, तर पेटीने समजायचं की किरणाचा डोळा दिपला आहे. चौथ्या वेळी त्याचं ऐकायचं नाही. भोंगा वाजवायचा आणि दार हळूहळू पण ठामपणे मिटून घ्यायचं. सुनेने एकटीने लिहिलेली ही पहिलीच मोठी दुरुस्ती. चार दिवस ती घरात कुणाशी धड बोलली नव्हती. भाजीत मीठ दोनदा पडलं, तेही पुन्हाबाईने निमूट खाल्लं.

सातव्या दिवशी सकाळी आठला दोघी इस्पितळात हजर. सून वर यंत्राच्या खोलीत लॅपटॉप मांडून बसली, पुन्हाबाई खाली लिफ्टपाशी, हातात यादी, कानाला फोन.

"एक नंबर," ती म्हणाली. "पाटी पूस."

पाटी पुसणे हा तिचा शब्द. प्रत्येक तपासणीआधी वरची पेटी बंद करून परत चालू करायची. मग लिफ्ट दिवे मालवून, आधीचं सगळं विसरून तळमजल्यावर येऊन उभी राहते. आधीच्या तपासणीचा डाग पुढच्या तपासणीला लागू नये म्हणून हा सोवळेपणा. नवी पोरं कंटाळून तो गाळत आणि मग निकालाचा गोंधळ घालत. पुन्हाबाईने बावीस वर्षांत तो एकदाही गाळला नव्हता. याचा तिला अभिमान होता आणि, खरं सांगायचं तर, थोडा ताठाही.

वाळूच्या पोत्यांनी वजन भरलं. रिकामी खाट आत घातली. चौथ्या मजल्यावर उन्हाच्या जागी बॅटरीचा झोत धरला. दार तीनदा अडलं, चौथ्यांदा भोंगा वाजवून गपचूप मिटलं. सुनेचा आवाज फोनमधून उडी मारून बाहेर आला, "आई! झालं!"

"ड्युटीवर बाई म्हणायचं. आणि झालं नाही, एक झालं. पाटी पूस. पुन्हा."

जिन्यावरून एक माणूस सारखा वरखाली करत होता. साठीला टेकलेला, दोन्ही हातांवर ताटल्यांची चळत. रुग्णांना जेवण पोचवणारे हे मामा. त्यांची चाकांची मोठी गाडी सहा दिवस लिफ्टशेजारी भिंतीला टेकून उभी होती आणि दीडशे ताटल्या मामांच्या गुडघ्यांवरून वर जात होत्या. चालण्याची ढब अशी, की सारं इस्पितळ त्यांना सावकाशमामा म्हणे. सूप सांडायला नको ना!

"काय बाई, किती झाल्या?" पहिल्या फेरीला त्यांनी विचारलं.

"बारा."

"आणि किती?"

"बावन्न."

"म्हणजे माझे गुडघे आणि तुमची यादी, आधी काय संपतं बघायचं."

पुन्हाबाई हसली. पुढच्या प्रत्येक फेरीला मामा पायरीवर दम खायला थांबत आणि लिफ्टकडे बघत. दिवे गेले, आले. लिफ्ट खाली आली, वर गेली. परत दिवे गेले.

अडीच वाजता चौसष्टावी तपासणी संपली. चौसष्टच्या चौसष्ट पास. बावीस वर्षांत असं चारपाचदाच झालं असेल. सून वरून धावत खाली आली आणि मेट्रन कागद घेऊन आली. इस्पितळाची ही मेट्रन म्हणजे करड्या शिस्तीची बाई, पण सहा दिवसांत तिच्याही डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"इथे सही करा," ती म्हणाली. "पाचव्या मजल्यावर एक आजी आहेत, खुब्याचं हाड मोडलंय. चार वाजता शस्त्रक्रिया. त्यांना जिन्याने खाली आणायचं म्हणजे पायरीपायरीला मरणकळा. तुमच्या सहीवर अडलंय सगळं."

पुन्हाबाईने पेनचं टोपण काढलं. तिची सही म्हणजे साधी गोष्ट नव्हती. तिने सही केलेल्या लिफ्टमध्ये आजवर कुणाला ओरखडा उमटला नव्हता. सही करण्याआधी ती मनात एवढंच म्हणायची, देवा, माझ्या नजरेतून सुटलं असेल ते तू बघ. आजही म्हणाली. पेन कागदाला टेकणार, एवढ्यात सावकाशमामा रिकाम्या ताटल्या घेऊन खाली पोचले.

"झालं का बाई? गाडी काढू?"

"काढा मामा, आता काढा. सकाळपासून बघताय ना तुम्ही, किती वेळा घासूनपुसून घेतली."

"बघितलं की." मामांनी ताटल्या खाली ठेवल्या, कंबर सरळ केली. "फक्त एक कळलं नाही. आमचं अडाण्याचं विचारणं, हसू नका."

"विचारा ना."

"तुम्ही दर वेळी दिवे घालवून नव्याने सुरू करत होता. आमच्याकडे ही कधी बंदच होत नाही हो. मी जेवण घेऊन चढतो तो मजल्यामागून मजला. एकाचं दुसऱ्याला लागूनच. तसं तुम्ही एकदाही केलं नाहीत, म्हणून आपलं विचारलं."

सून हसली. मेट्रन घड्याळाकडे बघू लागली. पुन्हाबाई मात्र हसली नाही. तिच्या हातातलं पेन तसंच राहिलं. चौसष्ट तपासण्या, चौसष्ट वेळा कोरी पाटी. मधल्या डागांना भिऊन तिने मधलं सगळं पुसून टाकलं होतं. आणि लोक तर डागांसकट जगतात. आदल्या मजल्याचं ओझं घेऊनच पुढच्या मजल्यावर जातात. देवाने तरी कुणाला दर तासाला कोरी पाटी दिली आहे?

तिने टोपण लावलं.

"अहो बाई!" मेट्रन म्हणाली.

"एकच फेरी. मामा, गाडी आणा. ताटल्या असू द्या रिकाम्या. रोज करता तसं करा, माझ्यासाठी काही बदलू नका. फक्त हात दाराबाहेर काढायचा नाही, बाहेर द्यायचं ते मी देईन." मग सुनेकडे वळून, "तू वर जा. आणि पेटीला हात लावायचा नाही."

"पाटी?"

"पुसायची नाही."

मामा रोज करत ते असं. गाडी सगळी बाहेर काढायची नाही, उंबऱ्यावर अर्धी आडवी ठेवायची, म्हणजे दार मिटत नाही, आणि तिथूनच ताटल्या नर्सच्या हाती द्यायच्या. तळमजल्यावर गाडी आत घेताना दार मिटायला निघालं, किरण अडला, दार उघडलं. पहिल्या मजल्यावर तसंच. दुसऱ्यावर तसंच. मामा गुणगुणत होते. पुन्हाबाईला वाटू लागलं, उगीच घाबरले मी, म्हातारपण आलं.

तिसऱ्या मजल्यावर ऊन नव्हतं. खिडकीच नव्हती. गाडी उंबऱ्यावर आडवी झाली, पुन्हाबाईने एक ताटली बाहेर धरली, आणि भोंगा वाजला.

दार मिटू लागलं. हळूहळू, पण ठामपणे, सुनेने लिहिलं होतं अगदी तसं. भोंगा कशाचा ते मामांना ठाऊक नव्हतं. गाडी वाचवायला त्यांनी सवयीने हात पुढे घातला. पुन्हाबाईने एका हाताने त्यांची कॉलर धरून मागे खेचलं आणि दुसऱ्या हाताने लाल बटण दाबलं. गाडी करकरली. बाहेर धरलेली ताटली दार आणि गाडीच्या मधे सापडून घडी घातल्यासारखी वाकली.

भोंगा थांबला. मामा आपल्या हाताकडे बघत होते, बोटं मिटत होते, उघडत होते.

"बाई," शेवटी ते म्हणाले, "कॉलर सोडा आता. एकच धड शर्ट आहे माझा."

सून तीन जिने उतरून आली तेव्हा धापा टाकत होती. बघितलं, परत वर गेली, आणि पाच मिनिटांनी लॅपटॉप छातीशी धरून रडतच आली. "मोजणी," ती म्हणाली. "दार कितीदा अडलं ती मोजणी. लिफ्ट त्या मजल्यावरून हलली की ती शून्य करायची होती. एक ओळ, आई. एक ओळ राहिली माझी. तळमजला एक, पहिला दोन, दुसरा तीन. तिसऱ्यावर दार माणसाचं ऐकेना. मामांचा हात... माझ्यामुळे..."

मेट्रनसमोर, नर्सांसमोर पुन्हाबाईने सुनेचं डोकं खांद्यावर घेतलं. ड्युटीवर बाई म्हणायचं की आई, हा प्रश्न त्या वेळी कुणाला पडला नाही.

"तुझी एक ओळ राहिली," ती म्हणाली. "माझ्या चौसष्ट राहिल्या. तुझी चूक पकडायला मी होते. माझी पकडायला कोण होतं? हे होते." आणि ती मामांकडे वळली. तिने नुसते हात जोडले.

"अहो, हे काय!" मामा गडबडले. "मी आपला गुडघ्यांसाठी विचारत होतो."

मग ती मेट्रनसमोर उभी राहिली. "सही होणार नाही. दुरुस्ती आज होईल, पण तपासणी सगळी पहिल्यापासून, उद्या. आमच्या प्रोग्रॅममध्ये चूक होतीच, पण माझ्या यादीत त्याहून मोठी होती. तसंच लिहून देते."

मेट्रनने वाकलेली ताटली हातात घेऊन उलटीपालटी केली. "आजींना जिन्याने आणावं लागेल मग," एवढंच म्हणाली.

"मी येते."

नाही म्हणण्याचंही मोल असतं, आणि ते दुसऱ्याला मोजावं लागतं. ते निदान डोळ्यांनी बघावं, एवढ्यासाठी पुन्हाबाई पाचव्या मजल्यावर चढली. स्ट्रेचरला चार माणसं लागली, चौथे सावकाशमामा. पुन्हाबाईने सलाइनची बाटली उंच धरली. आजी पाखरासारख्या हलक्या, पण वळणावर स्ट्रेचर कललं की ओठ दातांत धरत. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पुन्हाबाईला राहवलं नाही.

"आजी, माझ्यामुळे तुम्हाला हा त्रास. लिफ्ट सुरू करायची होती, मीच नाही म्हटलं."

"का गं?"

"दार चुकीचं मिटत होतं. कुणाचा तरी हात गेला असता."

आजींनी डोळे मिटले. दोन पायऱ्या गेल्या. "मग बरं केलंस," त्या म्हणाल्या. "खुबा मोडलाय तेवढा पुरे. आणि काय गं, इतकी माणसं तर माझ्या लग्नातही माझ्यामागे धावली नव्हती. बाटली नीट धर."

सावकाशमामा पुढच्या टोकाला होते. एकेक पायरी मोजून, सूप सांडू नये तसे उतरत होते. आजींना शेवटच्या दोन जिन्यांत एकदाही ओठ चावावा लागला नाही. हे पुन्हाबाईने बघितलं, आणि बाटली धरलेला हात भरून आला तरी तिने तो बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता परत पहिला नंबर. सुनेने रात्री जेवणाआधीच ती एक ओळ लिहिली होती आणि सासूच्या ताटापुढे लॅपटॉप ठेवून तीनदा वाचून दाखवली होती. चौसष्ट तपासण्या पाटी पुसून झाल्या. मग त्याच चौसष्ट पाटी न पुसता, एकीला लागून दुसरी. त्यात दोन ठिकाणी किरकोळ खोट निघाली, दिवा चुकीच्या मजल्याचा लागत होता. सून म्हणाली, "बरं झालं सापडली," आणि तिथल्या तिथे सुधारली. मग?

"मग काय," मेट्रन जिन्यातूनच म्हणाली, "पुन्हा!" आणि सात दिवसांत पहिल्यांदा हसली. आजी बऱ्या आहेत, असंही तिने सांगितलं. बाटलीवाली कुठे गेली म्हणून विचारत होत्या म्हणे.

यादीच्या तळाशी पुन्हाबाईने पासष्टावी ओळ स्वतःच्या अक्षरात लिहिली. जेवणाची गाडी, सहा मजले सलग, उंबऱ्यावर आडवी, घाई न करता. पुढे नाव लिहिलं, सावकाशमामांची फेरी. ती मामांनी स्वतः केली. सहाही मजल्यांवर दार त्यांच्यासाठी थांबलं. गाडी आत गेल्यावरच मिटलं. शेवटच्या मजल्यावर मामांनी दाराच्या कडेवर थोपटलं आणि म्हणाले, "शहाणी झाली हो तुमची पोर." लिफ्टला म्हणाले की सुनेला, कुणी विचारलं नाही. दोघींनीही ते घेऊन टाकलं.

तेव्हा कुठे सही झाली.

पण पुन्हाबाईला चैन पडेना. याआधी सही केलेल्या लिफ्टचं काय? त्या सगळ्या कोऱ्या पाटीवरच पास झालेल्या. तिने मालकांना स्वच्छ सांगितलं, आणि पुढचे चार महिने सासू-सून जोडीने गावभर फिरल्या. एकेका इमारतीत जाऊन लिफ्ट पाटी न पुसता चालवून बघितली. सात ठिकाणी बारीकसारीक निघालं. कुणाच्या जिवावर बेतेल असं कुठेच नाही. शेवटच्या इमारतीतून बाहेर पडल्यावर ती फुटपाथवर मटकन बसलीच. "बावीस वर्षं तो सांभाळत होता गं," ती म्हणाली, "आणि मला वाटत होतं, मीच सांभाळतेय."

"कोण, मामा?" सून म्हणाली.

"मामांना पाठवणारा."

ती वाकलेली ताटली पुन्हाबाईने मेट्रनकडून मागून आणली. ऑफिसात तिच्या टेबलामागे खिळ्याला अडकवली आहे. कामाला बसण्याआधी ती तिला बोटं लावते आणि कपाळाला लावते. नवे लोक आले की बिचकतात. परवा सुनेनेही चिडवलं, "आई, ताटलीची पूजा ऐकली नव्हती बाई कुठे."

"ताटलीची नाही गं," पुन्हाबाई यादी उलगडत म्हणाली. "तिच्या जागी जो हात असता, त्या हाताची. चल, एक नंबर."